परीक्षणाची खोली आम्हालाही उघडा : क्विल्ट प्रदर्शनांच्या आयोजक समित्यांना खुले पत्र

प्रति,
क्विल्ट प्रदर्शने भरवणाऱ्या समित्यांचे सर्व पदाधिकारी

विषय : सहभागी क्विल्टरांना परीक्षणाच्या कामात घेणे आणि काम करणाऱ्या हातांची नावे लावणे.

स.न.वि.वि.

मी क्विल्ट शिवते (वरचे तुकड्यांचे जोडकाम, मधला थर आणि खालचे अस्तर टाक्यांनी एकत्र सांधलेली गोधडी म्हणजे क्विल्ट), प्रदर्शनांत ठेवते आणि त्याच प्रदर्शनांत स्वयंसेविका म्हणून राबतेही. तुमच्या कागदांवर मी दोन याद्यांत असते. एक ‘स्पर्धक’, दुसरी ‘मदतनीस’. या दोन याद्यांची एकमेकींशी ओळख नाही. स्पर्धक म्हणून मला बारीक अक्षरातले नियम येतात. मदतनीस म्हणून ‘लवकर या, पायांना सोसतील अशा चपला घाला’ एवढाच निरोप येतो. प्रत्यक्षात कोणतेही प्रदर्शन बघा. क्विल्ट उतरवून घेणाऱ्या, क्रमांक लावणाऱ्या, टांगणाऱ्या आणि दिवसभर राखण करणाऱ्या बहुतेक जणींचे स्वतःचे काम त्याच सभागृहात कुठल्यातरी रांगेत लागलेले असते.

माझी मागणी अशी. परीक्षणाच्या खोलीतली मदतनिसांची कामे ठरलेल्या चार-पाच जणींकडे वर्षानुवर्षे न ठेवता सहभागी क्विल्टरांना, त्यातही नवख्यांना, आळीपाळीने द्या. आणि क्विल्टमागे व प्रदर्शनामागे ज्यांचे हात आहेत त्यांची नावे वाचता येतील अशी लिहा. मागण्या दोन दिसतात, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. आमचे हात तुम्हाला हवे असतात. हातांच्या मालकिणी कोण, याची विचारपूस फारशी होत नाही.

ज्यांनी ती खोली कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. प्रदर्शन उघडण्याआधी दार लावून परीक्षण चालते. स्वच्छ चादरी अंथरलेल्या टेबलांवर क्विल्ट गटागटाने रचलेले असतात. मागच्या कोपऱ्यातले नावाचे लेबल झाकलेले, दिसतो तो फक्त क्रमांक. दोघी जणी क्विल्ट वरच्या कडेला धरून उभ्या राहतात आणि परीक्षक आधी तो दुरून बघतात. मग टेबलावर पसरून जवळून, मग उलटा करून. लेखनिक परीक्षकांचे बोलणे उतरवून घेते. आणखी एखादी जण पाहून झालेला क्विल्ट उचलून पुढचा आणते. क्विल्टजवळ पेन चालत नाही. अंगठ्या, घड्याळ, गळ्यात लोंबणारे ओळखपत्र काढून ठेवायचे, हातांना क्रीम नको. काही ठिकाणी तीन परीक्षक असतात, काही ठिकाणी एकच. कुठे ठरलेल्या मुद्द्यांवर गुण देतात. कुठे गटातला एकेक क्विल्ट बघून ‘ठेवा’ किंवा ‘सोडा’ म्हणत जातात आणि राहिलेल्या चार-पाचांत क्रम लावतात.

या खोलीत लेखनिक म्हणून बसायची संधी मला मिळाली ती ऐनवेळी कोणी आले नाही म्हणून. तिथे जे कानावर पडले ते स्पर्धक म्हणून माझ्या हाती कधीच आले नव्हते, आणि याचा दोष मी परीक्षकांना देत नाही. त्यांच्याकडे एका क्विल्टला मोजकी मिनिटे असतात. ते बोलतात पुष्कळ, पण पत्रकावर उतरतात चार शब्द.

एक उदाहरण देते. पत्रकावर येते, ‘काठ सपाट नाही.’ घरी ते वाचणारी बाई इस्त्री काढते. खोलीत मात्र परीक्षक टेबलावर हात फिरवत सांगत असतात, की काठाची पट्टी कडेच्या मापाने कापली आहे. कड तोवर हाताळून ताणली गेली होती, म्हणून पट्टी मुळातच लांब झाली. मधोमध माप घेऊन पट्टी कापली असती आणि कड तिच्यात बेताने बसवली असती, तर ही लाट आलीच नसती. दुसऱ्या क्विल्टचा काठही तसाच लाटा मारतो, पण त्याचे कारण निराळे निघते. मधल्या भागात टाके दाट आणि काठावर विरळ, त्यामुळे मधले कापड आकसले आणि काठ मोकळा राहिला. दोन्ही पत्रकांवर शेरा एकच. इस्त्रीने दोन्ही सुटत नाहीत.

गोटाचे, म्हणजे क्विल्टची कड बंद करणाऱ्या पट्टीचेही तसेच. ‘गोट भरलेला हवा’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकींनी वाचले असेल. म्हणजे नेमके काय, ते परीक्षकाने दोन बोटांच्या चिमटीत कड धरून पुढे सरकवत नेली की कळते. बॅटिंग, म्हणजे मधला मऊ थर, गोटाच्या आतल्या कडेपर्यंत पोचलेले नसेल तर चिमटीत नुसते कापड लागते, पोकळ. कोपऱ्याची तिरकी घडी शिवून बंद केली आहे की नुसती दुमडून ठेवली आहे, तेही तिथेच कळते. फिकट कापडाखालून गडद शिलाई दिसणे, आखणीच्या रेषा पुसायच्या राहून जाणे, ताऱ्याची टोके शिवणीत कापली जाणे, मशीनच्या वळणांवर मागच्या बाजूला दोऱ्याचा ताण बिघडून पापण्यांसारखे फराटे उमटणे, हे सगळे पुस्तकात वाचलेले असते. पण एकाच गटातले क्विल्ट ओळीने डोळ्यांखालून गेले की नजर तयार होते. पुस्तकाने तेवढी होत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे उमगते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. परीक्षक चुका मोजत बसलेले नसतात. पहिली नजर दुरून असते आणि तिच्यात रंगांचा उजेड-अंधार, मांडणी, धाडस हेच दिसते. टाक्याटाक्याला निर्दोष असलेला क्विल्ट मागे पडतो आणि दोन टोके चुकलेला पुढे जातो, हे मी समोर घडताना पाहिले आहे. बाहेर उभ्या असलेल्या स्पर्धकाला तो पक्षपात वाटतो. आत असलेल्या मदतनिसाला त्यामागची चर्चा ऐकू आलेली असते. निकालानंतर सभागृहात जी कुजबुज चालते (आपण सगळ्याच ती करतो), तिच्यातली निम्मी तरी हे ऐकलेल्या बायकांच्या संख्येबरोबर कमी होईल असा माझा अंदाज आहे.

तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे. गुप्ततेचे काय? स्पर्धक आत आली तर स्वतःचा क्विल्ट समोर आल्यावर तिचा चेहराच सांगेल. मैत्रिणीचा आला तर ती बाहेर जाऊन बोलेल. परीक्षक मोकळेपणाने बोलणार नाहीत. आक्षेप खरा आहे. पण उपायही साधा आहे. जिचा क्विल्ट ज्या गटात असेल त्या गटाच्या वेळी तिने खोलीत असायचे नाही. हाताने टाके घातलेल्या गटात माझा क्विल्ट असेल तर मला लहान भिंतक्विल्टांच्या गटाला बसवा. आत ऐकलेले एखाद्या विशिष्ट क्विल्टचा उल्लेख करून बाहेर बोलायचे नाही, अशी लेखी हमी घ्या. आणि जरा स्पष्टच लिहिते, आजही त्या खोलीत ज्या ठरलेल्या जणी असतात त्यांचे क्विल्ट स्पर्धेत नसतात असे थोडेच आहे? त्या आत चालतात त्या ओळखीच्या म्हणून. मग नियम करून इतर जणींनाही चालवून घ्यायला काय हरकत आहे?

नवख्या हातात मोठा क्विल्ट द्यायची भीती, हा दुसरा आक्षेप. तीही रास्त आहे. कोपरा बोटांच्या टोकांनी धरला तर सगळा भार दोन टाक्यांवर येतो. तळहात आणि बाहू आडवे खाली घालून उचलावे लागते. जुन्या, विरलेल्या कापडाच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. पण हे शिकवायला अर्धा तास पुरतो. एका अनुभवी बाईबरोबर एक नवखी, अशी जोडी लावली की झाले. आपण सगळ्या धावदोरा घालायलाही कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिकलो.

‘आमच्याकडे पद्धत अशीच आहे’ असेही उत्तर येईल. क्विल्ट प्रदर्शनांच्या पद्धती किती वेळा बदलल्या आहेत! १९८९ मध्ये अमेरिकेत पडुका इथल्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीनने टाके घातलेल्या क्विल्टला सर्वोत्कृष्ट क्विल्टचा मान मिळाला. तिथे मशीनच्या कामाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता, आणि वाद झाला. हातानेच टाके घालणाऱ्यांना तो आपल्या कष्टांचा अपमान वाटला. आज बहुतेक मोठ्या प्रदर्शनांत हाताचे काम, घरगुती मशीनचे काम आणि लाँगआर्मचे (फक्त टाके घालण्यासाठीच्या लांब हाताच्या मोठ्या मशीनचे) काम यांचे वेगळे गट असतात आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. आधी नियम बदलले आणि मग तो क्विल्ट आला, असे झालेले नाही. क्विल्ट आधी आला, नियम मागून आले. मी मागते आहे तो बदल तर याच्या पासंगालाही पुरणार नाही.

आता नावांविषयी.

१९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सीअर्स कंपनीने क्विल्टची देशव्यापी स्पर्धा घेतली होती. महामंदीचे दिवस, पहिले बक्षीस १,००० डॉलर, आणि आलेले क्विल्ट २४ हजारांच्या आसपास. पहिला क्रमांक केंटकीच्या मार्गारेट केडन यांना मिळाला आणि तो क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आला. पुढे क्विल्टच्या इतिहासाचा मागोवा घेणाऱ्यांना कळले, की केडनबाईंनी तो शिवलाच नव्हता. तो शिवला होता मजुरीवर काम करणाऱ्या इतर बायकांनी, आणि बक्षिसातला वाटा त्यांच्यापर्यंत पोचला नाही. मंदीत हातचे काम जाईल या धास्तीने त्या गप्प राहिल्या. २४ हजारांतून एक निवडणाऱ्या परीक्षकांना टाके दिसले, टाके घालणारी दिसली नाही.

पुढे १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुने क्विल्ट भिंतीवर चित्रांसारखे लावले आणि लोकांची क्विल्टकडे बघण्याची नजर बदलली. त्या प्रदर्शनाचे कौतुक मीही करते. पण त्या भिंतींवरच्या बहुतेक क्विल्टांच्या कर्त्या कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा ती नावे हरवून गेलेली होती, काही करता येण्यासारखे नव्हते. आज आपण नावे जमवतो आणि मग फलकावरून गाळतो.

कारण आजचे चित्र असे आहे : वरचे तुकडे एकीने जोडले, लाँगआर्मवर टाके दुसरीने घातले. तुमच्या प्रवेशपत्रिकेत दोघींची नावे लिहायला जागा असते. ती भरली नाही तर क्विल्ट बादही होतो. पण क्विल्टशेजारच्या फलकावर दुसरे नाव कधी बारीक टाइपात शेवटच्या ओळीत जाते, तर कधी ‘जागा पुरली नाही’ म्हणून गळते. बक्षिसाची फीतही एकच. टाक्यांच्या नक्षीसाठी क्विल्ट गौरवला जातो आणि व्यासपीठावर जाते ती तुकडे जोडणारी. अशा वेळी तिच्या चेहऱ्यावरचा अवघडलेपणा मी पाहिला आहे. तिला स्वतःलाच ते बरे वाटत नाही. फलक थोडा मोठा करा, दोन्ही नावे एकाच आकारात छापा, फिती दोन द्या. फीत काही फार महाग नसते.

मदतनिसांची नावेही लावा. ‘सर्व स्वयंसेवकांचे आभार’ या ओळीत कोणीच नसते. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातल्या सिस्टर्स गावात १९७५ साली डझनभर क्विल्टांनी उघड्यावरचे प्रदर्शन सुरू झाले. पुढे दर जुलैत एका शनिवारी गावातल्या इमारतींच्या भिंतींवर, कठड्यांवर शेकडो क्विल्ट लागू लागले, आणि त्याच दिवशी उतरूही लागले. ते टांगायला स्थानिक अग्निशमन दलाचे लोकही पहाटे येतात, आणि त्या प्रदर्शनाविषयी कोणीही लिहिले की त्यांचा उल्लेख होतोच. ज्यांनी टांगले ते कोण, हे सांगितल्याने क्विल्टांचे महत्त्व काही कमी झालेले नाही.

त्याहून मोठे उदाहरण ११ ऑक्टोबर १९८७ चे. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानावर एड्स मेमोरियल क्विल्ट त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवर पसरला गेला. त्यात १,९२० तुकडे होते, प्रत्येक तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, प्रत्येक एड्सने गेलेल्या कोणा माणसाच्या नावाने शिवलेला. पांढऱ्या कपड्यांतले स्वयंसेवक घड्या ठरलेल्या क्रमाने एकेक करून उलगडत होते आणि नावे मोठ्याने वाचली जात होती. तिथे उलगडणारे हात हाच प्रदर्शनाचा भाग होता. आपल्या सभागृहांत तेवढे गांभीर्य लागत नाही, हे मान्य. तरी क्विल्ट हाताळणे ही हमाली नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

पांढरे हातमोजे घालून रांगेत उभ्या असणाऱ्या मदतनिसांबद्दल थोडक्यात. त्यांना खुर्ची द्या. कोणाला मागची बाजू बघायची असेल तेव्हा उठतीलच की. आणि त्यांना फक्त ‘हात लावू नका’ एवढेच सांगायला उभे करू नका. समोरचा क्विल्ट कोणत्या पद्धतीचा, कोणत्या गटातला, मागचे अस्तर बघण्यासारखे का आहे, याचा एक कागद त्यांच्या हाती असू द्या. हात लावू नका हे सांगावेच लागते. हातांचा तेलकटपणा कापडात मुरतो, आणि हजार माणसांनी एकेक बोट लावले तर त्याचा डाग पडतो. पण ज्या बाईला त्यामागचे कारण माहीत असते तिचा स्वर ओरडण्याचा राहत नाही. संग्रहालयात जुन्या कापडावरचा प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवतात, म्हणून तिथे मंद वाटते. हेसुद्धा मला एका हातमोजेवाल्या बाईंनीच सांगितले. तोवर मी अंधाराबद्दल तक्रार करत होते.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असे समजू नका. मांडणीच्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ खातात ते आम्ही स्पर्धकच. टांगण्यासाठी मागे चार इंची स्लीव्ह (नळी ओवायची कापडी पट्टी) शिवा असे लिहिलेले असते आणि आम्ही आणतो दोन इंची, तीही ऐनवेळी टाचण्यांनी लावलेली. त्यात नळी शिरत नाही, शिरली तर क्विल्ट तिरका लोंबतो, आणि ‘माझा क्विल्ट नीट लावला नाही’ म्हणून आम्हीच तक्रार करतो. मांजरीचे केस घेऊन आलेले क्विल्ट असतात, अत्तराचा किंवा धुराचा वास मारणारे असतात. मुदत संपल्यावर दार ठोठावणाऱ्या असतात. पोस्टाने पाठवताना खोक्यावर ठळक अक्षरांत ‘क्विल्ट’ लिहून चोराला आमंत्रण देणाऱ्याही असतात. नुकसानभरपाईचा प्रश्न आला की क्विल्टची किंमत कशी ठरवली हे सांगता येत नाही, कारण मूल्यांकन कोणी करून घेतलेलेच नसते. पण यातले बरेचसे एका दिवसाच्या कामाने सुटते. एकदा नळीवर वीस क्विल्ट चढवलेली बाई पुढे कधीही स्लीव्ह टाचणीने लावून आणत नाही. स्पर्धकांना कामाला घेण्यात तुमचाही फायदा आहे तो असा.

सक्ती मात्र करू नका. काही प्रदर्शनांत प्रत्येक स्पर्धकाने अमुक तास काम केलेच पाहिजे अशी अट असते. जिचे गुडघे चालत नाहीत, जिच्या घरी आजारी माणूस आहे, जिला सुट्टी मिळत नाही, तिचा क्विल्ट या अटीत अडकतो. बसून करायची कामे पुष्कळ आहेत. लेखनिकाचे आहे, प्रेक्षकांच्या मतपत्रिका मोजण्याचे आहे, यादीवरून क्रमांक तपासण्याचे आहे. ती आधी त्यांना विचारा.

करायचे काय, ते तीन ओळींत मावते. प्रवेशपत्रिकेतच एक प्रश्न घाला : ‘परीक्षणाच्या खोलीत काम करायला आवडेल का? आधी केले आहे का?’ ज्यांनी आधी केलेले नाही त्यांच्यातून निम्म्या जागा भरा, जास्त नावे आली तर चिठ्ठ्या टाका. परीक्षणाच्या दिवशी शेवटी, सगळे गट संपल्यावर, परीक्षकांना अर्धा तास फक्त मदतनिसांच्या प्रश्नांसाठी थांबायची विनंती करा. त्यांचे मानधन ठरवतानाच हा अर्धा तास धरा, म्हणजे त्यांच्यावर तो लादल्यासारखा होणार नाही.

पुढच्या प्रवेशपत्रिकेत हा प्रश्न दिसला तर माझी खूण ‘हो’वर असेल. हाताने टाके घातलेल्या मोठ्या क्विल्टांचा गट सोडून मला कुठेही बसवा. त्या गटात माझा क्विल्ट असणार आहे.

आपली,
एक क्विल्टर आणि स्वयंसेविका